जे. टॉलिव्हरची चौथी रेकॉर्ड

पलूस
५ ऑगस्ट २०२४

जयराज गड्या,
सलाम.

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. खुर्ची घे, बस, मग पुढं वाच.

तुझा टॉलिव्हर गावला.

मिरजेला नाथाजी म्हणून एक भंगारवाला हाय. अमेरिकन डॉक्टर राहायचे तसल्या एका जुन्या बंगल्याचं सामान त्यानं उचललं. माझं दुकान रेडिओचं, हे त्याला ठावं हाय, म्हणून निरोप धाडला. गेलो. पत्र्याची पेटी होती. वर देवाधर्माची पुस्तकं, खाली सात इंची रेकॉर्डी, अकरा. दहा फुटक्या न्हाईतर वाकड्या. अकरावी उचलली तर तांबडं लेबल, आणि त्यावर तू मला तीस वर्षं चिठ्ठीवर लिहून देतोस तेच नाव: जे. टॉलिव्हर. तिथंच भंगारात खाली बसलो बघ. नाथाजीला वाटलं मला चक्कर आली.

साबणाच्या पाण्यानं धुतली, सावलीत वाळवली, आणि एकदाच लावून बघितली. चालती का न्हाई ते बघायला, रागावू नकोस. बाई लय झकास गाती रं! गळा जड हाय, पण काय ओढ हाय त्यात. तू इतकी वर्षं टॉलिव्हर, टॉलिव्हर करतोस, मी आपला बाप्याच समजत होतो. तू तुझ्या तीन रेकॉर्डींना कवा हात लावू दिला न्हाईस, मग मला कसं कळणार?

दोन पुठ्ठ्यांच्या मधी घालून पाठवतोय. फोन करणार होतो, पण तोफखान्यानं तुझ्या कानाचं काय केलंय ते ठावं हाय. मिळाली की लिही.

तुझा,
सिकंदर अत्तार

•

कोरेगाव
१४ ऑगस्ट २०२४

प्रिय सिकंदर,
नमस्कार.

पार्सल काल मिळाले. रेकॉर्ड शाबूत आहे. तुझे आभार मानत बसलो तर पान संपेल, म्हणून मानत नाही.

१९९१ साली पाचगणीच्या त्या अमेरिकन मास्तरांच्या बंगल्यातून रेकॉर्ड वाजवायचे मशीन आणि साठ रेकॉर्डी घेतल्या, त्यात पहिली टॉलिव्हर होती. दुसरी ९८ ला पुण्याच्या जुन्या बाजारात, तिसरी २०११ ला गोव्यातून. या माणसाचे नाव कुठल्याच पुस्तकात नाही. सूनबाई अंकिताने इंटरनेटवर शोधले, तिथेही नाही. जगात त्याला ओळखणारा बहुतेक मी एकटा. तुला ठाऊक आहे, नावाजलेले गायक मला कधी रुचले नाहीत. त्यांच्या रेकॉर्डी मी घरी लावून ऐकायचो आणि मग रेडिओवर तेच गाणे लागले की वाटायचे, हे लोक एवढी घाई का करतायत? म्हणून मी अशीच बिननावाची माणसे जमवत गेलो. खेड्यापाड्यातली, एक-दोन रेकॉर्डी करून विसरली गेलेली. त्यात टॉलिव्हर सगळ्यांचा सुभेदार.

काल दुपारी लावली. तोच आवाज. पन्नाशीचा पुरुष, तंबाखूने खरखरलेला, ट्रक चालवून आल्यासारखा. डोळे भरून आले.

पण तू लिहितोस ती बाई कोण? मागच्या बाजूलाही तोच आहे. तू दुसरीच एखादी रेकॉर्ड लावून ऐकलीस आणि ही पाठवलीस, असे तर झाले नाही? त्या पेटीत बाईची रेकॉर्ड असेल तर तीही चांगली असणार. बघ जरा.

तुझा,
जयराज बर्गे

•

पलूस
२२ ऑगस्ट २०२४

जयराज गड्या,

चेष्टा करतोस का माझी?

पेटीतल्या दहा मी नाथाजीकडंच सोडल्या. घरात आणली ती एकच. लावली ती एकच. दोन्ही बाजूंना बाई हाय. मी एकटाच ऐकत न्हवतो. पोरगा अजीम जेवायला आला होता, त्याची पोरगी सुमैरा हुती, घरात आमची मदिनाबी हुती. मदिनाबी म्हणाली, "कोण बिचारी एवढी रडकुंडीला आलीया?" बिचारी म्हणाली ती, बिचारा न्हाई.

सुमैरानं तवाच मोबाईलवर थोडंसं रेकॉर्डिंग केलं हुतं. आज तिनं ते तुझ्या अंकिताच्या नंबरवर पाठवलंय. ऐक.

आणि आणखी एक काम कर. लेबलाच्या कडंला, नावाच्या खाली, पेन्सिलीनं बारीक फुली मारलीया कुणीतरी. ती तुझ्याकडच्या रेकॉर्डवर हाय का बघ. नसंल तर पोस्टात काहीतरी घोटाळा झाला म्हणायचं. पण पोस्टात बदलायला दुसरी टॉलिव्हर आणणार कोण, हे मला कळत न्हाई.

सिकंदर

•

कोरेगाव
२ सप्टेंबर २०२४

सिकंदर,

फुली आहे. भिंगाने पाहिली.

मोबाईलवरचे ऐकले. बाई आहे. चाल तीच, वाजणारी गिटार तीच, मधे सुईचा टिक आवाज येतो तोही त्याच जागी. जरा घाईत वाटले, रेडिओवर वाटते तसेच. पण गाते बाई. मग मी मोबाईल बाजूला ठेवला आणि मशीनवर रेकॉर्ड लावली. गातो पुरुष. पुन्हा मोबाईल, पुन्हा मशीन. सकाळी नऊपासून साडेअकरापर्यंत मी हेच करत होतो.

शेवटी अंकिताला हाक मारली. म्हटलं, "हे ऐक आणि सांग, पुरुष आहे की बाई?" तिने पदराला हात पुसत ऐकले. म्हणाली, "बाईच की पप्पा. जरा भसाडी आहे, पण बाईच." मी म्हटलं, "मोबाईलवरचं नव्हे, आत्ता मशीनवर लागलंय ते." तर म्हणाली, "दोन्ही एकच तर आहे." आणि माझ्याकडे असे पाहिले की मी विषय बदलला.

म्हणजे तू, मदिनावहिनी, सुमैरा, अजीम आणि माझी सून एका बाजूला, आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला. फौजेत अशा वेळी एकट्यालाच तपासायला पाठवतात.

तुला सांगतो, घरात सांगू शकत नाही. माझे वडील, दादासो, शेवटची दोन वर्षे मला माझ्या चुलत्याच्या नावाने हाक मारायचे. आईला "बाई, तुम्ही कुठल्या गावच्या?" म्हणून विचारायचे. सुरुवात अशाच एखाद्या बारीक गोष्टीने झाली होती. त्यांना बैलाचा रंग वेगळा दिसायला लागला होता.

तू मशीनचा माणूस आहेस. कान बिघडला की आवाज जाड ऐकू येतो का, हे तुला माहीत असेल तर कळव.

जयराज

•

पलूस
१० सप्टेंबर २०२४

जयराज,

पत्र मिळालं. लगेच लिहितोय.

घाबरू नकोस. तुझ्या कानाला काय झालेलं न्हाई आणि डोक्याला तर अजिबात न्हाई. मोबाईलवर आवाज बदलतात, माझाच आवाज मोबाईलवर मला वळखू येत न्हाई. डॉक्टरकडं जाऊ नकोस, ते उगंच काहीतरी काढतात. थोडे दिवस मशीन लावूच नकोस. झाकून ठेव. दसरा झाला की मी स्वतः येतो, मग बसून बोलू.

जास्त काय लिहू? आज डोकं चालत न्हाई.

सिकंदर

•

कोरेगाव
२४ सप्टेंबर २०२४

प्रिय सिकंदर,

तुझे पत्र चार वेळा वाचले. तेहतीस वर्षांत तू मला एवढे छोटे पत्र कधी लिहिले नाहीस. तू मला धीर देतोयस. दवाखान्यात पेशंटशी बोलतात तसे. रेकॉर्ड ऐकूच नकोस, म्हणजे कळणारही नाही, असेच ना? कळले मला. वाईट वाटून घेऊ नकोस.

मी साताऱ्याला जाऊन आलो. घरी सांगितले, पेन्शनचे काम आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते, ते तर जुनेच आहे. मी डॉक्टरांना पुरुष आणि बाईचे सांगितले तेव्हा त्यांनी लिहायचे थांबवले. म्हणाले, पुण्याला जाऊन डोक्याची तपासणी करून घ्या, घाबरण्यासारखे काही नाही. घाबरण्यासारखे नसते तर हे वाक्य कशाला बोलले असते?

मी एक निर्णय घेतला आहे. पुण्याचे राजवर्धन म्हणून एक गृहस्थ आहेत, माझ्यासारखेच या नादाचे. वय चाळीस, कान तरुण. चारशे बारा रेकॉर्डी त्यांना देऊन टाकतोय. फुकट. मला काही कळेनासे व्हायच्या आत त्या चांगल्या घरी गेलेल्या बऱ्या, नाहीतर माझ्यामागे त्या भंगारात जातील, आणि सगळ्याच गावांत नाथाजी नसतो. ६ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी ते टेम्पो घेऊन येतील.

ज्या माणसाला बाईचा आवाज पुरुषाचा ऐकू येतो, त्याने गाणी जमवू नयेत. एवढे साधे आहे.

तुझा,
जयराज

•

पलूस
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४, पहाटे

जयराज,

तुझं २४ तारखेचं पत्र काल संध्याकाळी मिळालं. पोस्टावर भरवसा ठेवायची आता वेळ न्हाई, म्हणून अजीमला मोटारसायकलवर धाडतोय. तो तुझ्यासमोर उभा असंल. टेम्पोवाल्याला थांबव आणि हे आधी वाच.

तुझं डोकं ठीक हाय. कान बी ठीक हाय. चूक माझी हाय.

तुझं मशीन अमेरिकेचं. ९१ ला तू ते साताऱ्यात सगळ्यांकडं फिरवलंस, कुणी हात लावंना, कारण ते एकशे दहा व्होल्टचं. मग तुला कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी ट्रान्सफॉर्मर लावला, मशीन फिराय लागलं, तू मला मिठी मारलीस. मला वाटलं, झालं काम. पण जयराज, फरक नुसता व्होल्टचा न्हवता. तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे खाती, आपली पन्नास. त्या मशीनची मोटार हेलकाव्यांवर फिरती. म्हणजे तिकडं रेकॉर्ड मिनिटाला पंचेचाळीस वेळा फिरायची ती तुझ्याकडं साडेसदतीसच वेळा फिरती. गाणं सावकाश होतं. आवाज खाली उतरतो. जड गळ्याची बाई असंल तर तिचा बाप्या होतो.

तू तेहतीस वर्षं सगळ्याच रेकॉर्डी अशा ऐकल्यास. नावाजलेले गायक रेडिओवर घाई करत न्हवते. तुझ्या घरी ते रेंगाळत होते.

९१ ला मला हे ठावं न्हवतं, अल्लाची शपथ. ९७ ला मिरजेचं तसलंच एक मशीन दुरुस्तीला आलं, तवा एका जुन्या वायरमननं मला समजावलं. मोटारीच्या दांड्यावर पितळी बूश, म्हणजे नळीसारखी टोपी, बसवायची, जरा जाड, की चाक बरोबर फिरतं. त्या मशीनला बसवलं. तुझ्यासाठी बी एक करून ठेवलं.

मग तुला का दिलं न्हाई? तू तवा पूंछला हुतास. तुझं पत्र आलं हुतं. लिहिलं हुतंस, "हितं बर्फात त्या माणसाचा आवाज आठवला की वाटतं, एवढं सोसूनबी माणूस गातो, मग आपण का खचायचं?" मी तुला उत्तर लिहाय घेतलं, की तो माणूस तसा न्हाईच मुळी, तुझं मशीन बिघडलंय. कार्ड फाडलं. वाटलं, रजेवर आलास की सांगीन. रजेवर आलास, तर तू त्याच्याबद्दलच बोलत बसलास. २००६ ला सुई बदलाय मशीन घेऊन आलास, तवा बूश माझ्या ड्रॉवरमधी हुतं. ड्रॉवर उघडला आणि परत लावला. त्या दिवसापास्नं ती दया न्हवती. ती लाज हुती. कारागिराची लाज.

आता ही रेकॉर्ड गावली तवा खुशीत मी इसरूनच गेलो. फुली जुळली म्हणालास तवा टाळक्यात उजेड पडला. तरी सांगितलं न्हाई. त्या छोट्या पत्रात मी तुला धीर देत न्हवतो. मी लपत हुतो. आणि तू तिकडं डोक्याच्या डॉक्टरकडं निघालास.

रेकॉर्डी देऊ नकोस. त्यांचा काय गुन्हा?

सिकंदर

•

पलूस
५ नोव्हेंबर २०२४

जयराज गड्या,

महिना झाला.

अजीमनं सांगितलं ते असं. तो पोचला तवा टेम्पो दारातच हुता. तू फाटकात उभा राहून पत्र वाचलंस. घडी घालून खिशात ठेवलंस. अजीमला चहा दिलास, "अब्बा कसे आहेत?" विचारलंस. आणि मग वाकून पुढचं खोकं उचललंस, आणि टेम्पोत ठेवलंस. शेवटचं खोकं जाईपर्यंत तू थांबला न्हाईस.

अजीम म्हणाला, "अब्बा, त्यांना पत्र समजलंच न्हाई वाटतं." मी म्हणालो, समजलं, म्हणूनच.

दिवाळीला तुझं कार्ड येतंय का बघत हुतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आलं न्हाई. मदिनाबीनं दोनदा विचारलं.

सोबत डबीत बूश हाय. ९७ चंच. घासून ठेवलंय. कसं बसवायचं ते चिठ्ठीवर काढून दिलंय, एक स्क्रू सोडवायचा फक्त. बसव न्हाईतर विहिरीत टाक. शिव्या दे. पण लिही.

सिकंदर

•

कोरेगाव
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय सिकंदर,
नमस्कार.

शिव्या द्यायच्या होत्या, म्हणूनच लिहिले नाही. लिहायला बसलो असतो तर अशा दिल्या असत्या की आपण दोघेही पुढे पोस्टात जाऊ शकलो नसतो.

त्या सकाळी पत्र मला पूर्ण समजले होते. आधी वाटले, सुटलो. माझ्या वडिलांचे झाले तसे माझे होत नाही. आणि दुसऱ्याच क्षणी एवढा राग आला की विचारू नकोस. वाटले, या चारशे बारा माणसांना मी एकदाही भेटलेलो नाही. ज्यांना मी शांत समजलो ती हसरी असतील. ज्यांना दुःखी समजलो ती नाचत असतील. सगळी खोटी. घेऊन जा म्हटले. पंधरा दिवसांत पश्चात्ताप झाला. राजवर्धनला फोन केला, तर तो म्हणाला, "काका, कधीही या आणि ऐका." परत मागायची जीभ रेटली नाही. गेल्या त्या गेल्या. टॉलिव्हरच्या चार मात्र मी टेम्पोत ठेवल्या नव्हत्या. का, ते तेव्हा मला सांगता आले नसते.

तुझी डबी आली. आठ दिवस ती टेबलावरच होती. परवा दुपारी अंकिता शाळेत शिकवायला गेली होती, घरात कुणी नव्हते. स्क्रू सोडवला, बूश बसवले. तुझ्या चिठ्ठीत स्क्रू डावीकडे काढलाय, तो उजवीकडे आहे. तरी बसले.

पहिलीच रेकॉर्ड लावली, ९१ ची.

बाई आहे, सिकंदर. पन्नाशीची नव्हे, तिशीची असेल. आणि शब्द स्वच्छ ऐकू येतात. इतकी वर्षे ते लांबलेले, चिकटलेले ऐकले, म्हणून मी माझ्या मनाने अर्थ लावला होता की ट्रकवाला घरच्यांना सांगतोय, वाट बघू नका. तसे नाहीच. ती कापडाच्या गिरणीत जाते. मुलांना सांगते, जेवून घ्या, माझ्यासाठी थांबू नका, धाकट्याला आधी वाढा. दार नुसते ओढून ठेवा. बस, एवढेच गाणे आहे.

चारही ऐकल्या. मग पुन्हा बूश काढले आणि माझा जुना टॉलिव्हर ऐकला. मग पुन्हा बसवले. मी कुणासाठी बसलो होतो, मलाच कळत नव्हते. पूंछमध्ये ज्याने मला उभे ठेवले तो माणूस जगात नव्हताच, आणि तरी त्याने उभे ठेवले, हे कसे मांडायचे ते तूच सांग. तू कार्ड फाडलेस ते चुकलास. पण ते त्या हिवाळ्यात माझ्या हातात पडले असते तर माझे काय झाले असते, तेही मला माहीत नाही. म्हणून राग संपला. संपला म्हणजे कमी झाला. पुढच्या शुक्रवारी चारही रेकॉर्डी घेऊन पलूसला येतोय. तुझ्या मशीनवर लावू. मदिनावहिनींनाही बसव. बिचारी कोण ते त्यांनी पहिल्यांदा ओळखले.

पहिल्यांदा म्हणालो, पण ते खरे नाही. तुला हे सांगितल्याशिवाय पत्र बंद करता येत नाही.

९२ च्या रजेत मी हीच रेकॉर्ड सोप्यात लावली होती. आई, म्हणजे अंबूबाई, दुसऱ्याच्या शेतात ऊस तोडून आली होती आणि जोत्यावर पाय सोडून बसली होती. आईला लिहिता-वाचता येत नव्हते, तुला माहीत आहे. तिने गाणे शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "बाई हाय व्हय रं? लय दमलीया."

मी हसलो. म्हटलं, "आई, हा बाप्या आहे. इंग्रजी आहे ते, तुला काय कळतंय त्यातलं?"

पुढच्या रजेला आलो तेव्हा तिनेच म्हटले, "जयराज, त्या बाप्याचं गाणं लाव की." त्यानंतर दर रजेला म्हणायची. वारेपर्यंत ती त्याला बाप्याच म्हणत राहिली, आणि गाणे चालू असताना माझ्याकडे बघत राहायची.

तुझा,
जयराज